चव्वेचाळीस लाख गाठी

डिसेंबर १९२५ मध्ये अमेरिकेच्या वृत्तपत्रांत एका गालिच्याची बातमी आली. लेबनॉनमधल्या गझीर गावच्या अनाथाश्रमात आर्मेनियन मुलींनी तो विणला होता आणि अध्यक्ष कॅल्विन कूलिज यांना भेट दिला होता. १९१५ पासूनच्या आर्मेनियन नरसंहाराने पोरक्या केलेल्या या मुली. ‘निअर ईस्ट रिलीफ’ ही अमेरिकन मदतसंस्था त्यांना सांभाळत होती, आणि तिच्यासाठी मदतीची आवाहनं वृत्तपत्रांतूनही लोकांपर्यंत जात. गालिचा साडेतीन मीटर रुंद, साडेपाच मीटरांहून थोडा जास्त लांब. गाठी ४४,०४,२०६.

हा आकडा नुसता वाचून कळत नाही. एक गाठ मारून बघावी लागते.

डाव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट थोडं फाकवून उभं धरा. हे ताण्याचे शेजारचे दोन दोरे. लोकरीचा तुकडा दोन्ही बोटांवर पुढून आडवा ठेवा. त्याची टोकं बाहेरच्या बाजूंनी मागे न्या, मधल्या फटीतून पुढे काढा आणि खाली ओढा. झाली गाठ. दोन्ही दोऱ्यांना वेढा बसतो म्हणून ती दुहेरी, आणि म्हणूनच चिवट. टोकं कापली की पुढे लोकरीचा इवलासा तुरा उरतो. एक तुरा म्हणजे नक्षीतला रंगाचा एक ठिपका. या गालिच्यावर प्राण्यांची गर्दी आहे. त्यांच्या पाठीची गोलाई अशा ठिपक्यांच्या पायऱ्यांनीच साधायची.

ओळ भरली की बाण्याचा दोरा आडवा घालून पंजा नावाच्या दातेरी अवजाराने ठोकायचा, मग पुढची ओळ. चौरस सेंटिमीटरला सुमारे बावीस गाठी पडतात. एका गाठीला दहा सेकंद धरले, तर रोज आठ तास बसून एकटीला चार वर्षांहून जास्त लागतील. म्हणून रुंद मागावर शेजारी शेजारी अनेकजणी बसतात. एकीचा हात घट्ट आणि दुसरीचा सैल असला, तर ओळ वाकडी होते. इतक्या वेगवेगळ्या मुलींचा ताण एक राखणं, हे मला नक्षीपेक्षाही मोठं कसब वाटतं.

कूलिज यांनी निवृत्तीनंतर गालिचा घरी नेला. १९८२ मध्ये तो व्हाइट हाउसला परत आला आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये लोकांना बघायला मिळाला. गाठी मोजायच्या तर मात्र गालिचा उलटा करायला हवा. तिथे प्रत्येक गाठ दोन बारीक उंचवट्यांनी दिसते, आणि तिथेच शिवलेल्या चिठ्ठीवर लिहिलं आहे की हा गझीरच्या आर्मेनियन मुलींनी विणला.