परदेश दौरा, खेळाडू आणि फौजदारी आरोप: पाच गैरसमज

छत्रपती संभाजीनगरात विद्यापीठाच्या आवारात भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे म्हणजे 'साई'चे केंद्र आहे, गारखेड्यात विभागीय क्रीडा संकुल आहे. तिथे घाम गाळणाऱ्या मुलामुलींच्या डोळ्यांपुढे भारताची जर्सी आणि परदेशातली स्पर्धा असते. निवड झाली की घरचे पासपोर्ट, व्हिसा, किट, खाण्यापिण्याची सोय सगळे विचारतात. तिकडे पोलिसांत तक्रार झाली तर काय, हा प्रश्न मात्र अशुभ वाटून कुणी काढत नाही. मग अशी बातमी आली की ऐकीव माहितीवर मते बनतात. त्यांतले हे पाच गैरसमज.

गैरसमज १: किरकोळ आरोप असेल तर कबूल करून मोकळे व्हावे, प्रकरण तिथेच मिटते.

वस्तुस्थिती: १९७४ च्या इंग्लंड दौऱ्यात मुंबईचे सलामीवीर सुधीर नाईक यांच्यावर लंडनच्या एका दुकानातून मोज्यांचे जोड पैसे न देता नेल्याचा आरोप झाला. आपण चोरी केली नाही, हे नाईकांचे म्हणणे अखेरपर्यंत कायम होते. पण बोभाटा नको म्हणून गुन्हा कबूल करण्याचा सल्ला त्यांना मिळाला आणि त्यांनी तो मानला. न्यायालयाने दंड केला आणि जे टाळायचे होते तेच घडले. बातमी दोन्ही देशांत गाजली.

याच दौऱ्यात एजबॅस्टनला पदार्पणाच्या कसोटीत त्यांनी दुसऱ्या डावात ७७ धावा केल्या होत्या. त्याआधी १९७०-७१ मध्ये मुंबईचे बडे खेळाडू वेस्ट इंडीजला गेलेले असताना त्यांच्या नेतृत्वाखाली संघाने रणजी करंडक जिंकला होता. त्यांची कसोटी कारकीर्द मात्र तीन सामन्यांचीच ठरली. सुनील गावसकरांनी 'सनी डेज' या आत्मचरित्रात त्यांची बाजू ठामपणे मांडली. पुढे नाईकांनी श्रीरामपूरच्या झहीर खानला मुंबईत आधार दिला, २०११ च्या विश्वचषकात वानखेडेची खेळपट्टी सांभाळली. तरी २०२३ मध्ये ते गेले, तेव्हाही मोज्यांची गोष्ट निघालीच.

कबुली म्हणजे दोषसिद्धी, हे म्हणूनच पक्के लक्षात ठेवावे. तिची नोंद राहते आणि पुढे व्हिसाच्या अर्जातही विचारली जाते. वकिलाशी बोलल्याशिवाय कशावरही सही करू नये. इंग्लंडमध्ये पोलिस ठाण्यात वकिलाचा सल्ला मोफत मिळतो.

गैरसमज २: देशाच्या संघातून गेलो, दूतावास सोडवून आणेल.

वस्तुस्थिती: खेळाडूला राजनैतिक संरक्षण नसते. २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत तर भारतीय पथकाबरोबर गेलेले एक वरिष्ठ पदाधिकारी आणि कुस्तीचे एक पंच यांनाच पोलिसांनी ताब्यात घेतले होते. पुरेसा पुरावा नसल्याने दोघांवर खटला चालला नाही, पण पदामुळे अटक टळली नव्हती.

१९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार, परदेशी व्यक्तीला अटक झाली आणि तिने मागणी केली, तर तिच्या देशाच्या वकिलातीला विनाविलंब कळवावे लागते. पाकिस्तानने अटक केलेले भारतीय नागरिक कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणात पाकिस्तानने याच करारातल्या कलम ३६ चा भंग केल्याचा निर्णय आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१९ मध्ये दिला. वकिलात भेट घेते, वकील मिळवून देण्यास मदत करते. खटला रद्द करणे तिच्या हातात नसते.

गैरसमज ३: खेळातली लबाडी झाली तर फार तर बंदी येते.

वस्तुस्थिती: २०१० च्या लॉर्ड्स कसोटीत ठरवून नो-बॉल टाकल्याच्या प्रकरणात पाकिस्तानच्या सलमान बट, मोहम्मद आसिफ आणि मोहम्मद आमिर यांना लंडनच्या न्यायालयाने २०११ मध्ये अनुक्रमे ३०, १२ आणि ६ महिन्यांची कैद सुनावली. क्रिकेटची बंदी वेगळी. गुन्हा घडला तेव्हा आमिर अवघा १८ वर्षांचा होता.

गैरसमज ४: अटक झाली म्हणजे दोषी, आणि सुटला म्हणजे तक्रार खोटी.

वस्तुस्थिती: दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत. श्रीलंकेचा दनुष्का गुणतिलका याला टी-२० विश्वचषकादरम्यान ६ नोव्हेंबर २०२२ रोजी सिडनीत लैंगिक अत्याचाराच्या आरोपाखाली अटक झाली. संघ मायदेशी परतला, तो जामिनाच्या अटींमुळे तिथेच अडकला. २८ सप्टेंबर २०२३ ला न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवले. निकालापर्यंत त्याला गुन्हेगार म्हणणे अन्यायाचे होते. त्याच वेळी, आरोप सिद्ध न होणे म्हणजे तक्रारदार खोटी ठरणे नव्हे. तक्रार करणारीला नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला कुठलाच निकाल देत नाही.

शिवाय लैंगिक संबंधांतील संमतीचे कायदे देशागणिक वेगळे आहेत. सिडनी ज्या न्यू साउथ वेल्स राज्यात आहे, तिथे जून २०२२ पासून संमती आहे का, हे बोलून किंवा कृतीने जाणून घ्यावे लागते. समोरची व्यक्ती गप्प राहिली, हे उत्तर तिथे चालत नाही.

गैरसमज ५: विमानात बसलो की सुटलो.

वस्तुस्थिती: भारतीय नागरिकाने परदेशात केलेल्या गुन्ह्याला भारतीय न्याय संहिताही लागू होते. इथे खटला चालवायला केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते, एवढेच. ज्या देशांशी प्रत्यार्पण करार आहे, ते आरोपीची मागणीही करू शकतात.

प्रशिक्षकांना आणि पालकांना विनंती आहे: दौऱ्याच्या सूचनांत एक तास त्या देशाच्या कायद्यासाठी ठेवा. वकिलातीचा क्रमांक प्रत्येक खेळाडूच्या खिशात कागदावर लिहून द्या, कारण मोबाइल जप्त होऊ शकतो. आणि मुलांना दोन गोष्टी सारख्याच ठामपणे सांगा: कुणावर अन्याय करू नका, आणि न केलेला गुन्हा कुणाच्या सोयीसाठी कबूल करू नका.