पाच व्होल्टचा संसार

मंडळी, आपल्या कार्यक्रमांत पूर्वी वाद्यमेळ म्हणजे पेटी, तबल्याची जोडी आणि कुणाच्या तरी सामानातून आयर्लंडला आलेला इलेक्ट्रॉनिक तानपुरा, एवढाच असे. आता गवयाशेजारी लॅपटॉप असतो. त्याला ध्वनी आत-बाहेर नेणारी ऑडिओ इंटरफेसची डबी, मिडी कीबोर्ड, तबल्याचे ॲप चालवणारा फोन आणि हे सगळे गुंफणारा एक यूएसबी हब. मधल्या आलापात आवाज गेला की दोष लॅपटॉपला मिळतो. बिचारा बहुतेक वेळा निर्दोष असतो. मी व्यवसायाने विजेच्या क्षेत्रातला, त्यामुळे मंडळाची ध्वनियोजना माझ्या गळ्यात पडली आहे. तेव्हा हा खुलासा मीच केलेला बरा.

यूएसबीचे मूळ दाब पाच व्होल्ट. यूएसबी २.० च्या पोर्टकडून जास्तीत जास्त ५०० मिलिअँपिअर, म्हणजे अडीच वॅट मागता येतात, ३.० कडून ९००. ज्या हबला स्वतःचा ॲडॉप्टर नाही, तो आपली सर्व वीज लॅपटॉपच्या एकाच पोर्टातून घेतो. ५०० पैकी १०० तो स्वतःसाठी राखतो आणि उरलेल्या ४०० ची चार पोर्टांत वाटणी होते. प्रत्येकी १०० मिलिअँपिअर! एका पोळीचे चार घास करून चौघांचे जेवण म्हणावे, तसे हे. साध्या मिडी कीबोर्डाचे त्यात भागते. ऑडिओ इंटरफेसचे भागत नाही. कंडेन्सर माईकला लागणारी ४८ व्होल्टची 'फँटम' वीज तो याच पाच व्होल्टांतून चढवून काढतो. त्यामुळे गाणारी व्यक्ती माईकपाशी बसते आणि कुणीतरी फँटमचे बटण दाबते, त्याच क्षणी डबी बेशुद्ध पडते.

यावर उपाय म्हणजे स्वतःचा ॲडॉप्टर असलेला हब, पण तिथेही खोक्यावरचे आकडे वाचावेत. सात पोर्टांचा ३.० हब म्हटला की सात गुणिले ९००, म्हणजे ६.३ अँपिअर, अर्थात साडेएकतीस वॅट. सोबत मिळणारा ॲडॉप्टर पाच व्होल्ट, दोन अँपिअरचा असेल तर तो दहाच वॅटचा. सात पोर्ट ही तेव्हा नुसती जाहिरात. हलक्या प्रतीच्या हबमध्ये आणखी एक खोड असते: त्याच्या ॲडॉप्टरची वीज उलटी लॅपटॉपच्या पोर्टात शिरते. परीक्षा सोपी आहे. हबचा ॲडॉप्टर चालू ठेवून बंद लॅपटॉपला जोडावा. लॅपटॉपवर एखादा दिवा भलत्या वेळी लुकलुकला, तर तो हब वाद्यांपासून दूर ठेवावा. माझा तर असा आग्रह की इंटरफेस थेट लॅपटॉपलाच जोडावा आणि हबवर कीबोर्ड, माऊस, पेनड्राइव्ह अशी किरकोळ मंडळी बसवावीत.

हल्ली एकाच चार्जरला तीन-चार पोर्ट असतात आणि घरी ते सोयीचे पडतात. मंचावर मात्र सावध राहावे. मध्येच कुणी 'जरा फोन लावतो हं' म्हणून केबल खुपसली की अनेक चार्जर साऱ्या पोर्टांची वीज क्षणभर तोडून नव्याने वाटणी करतात. प्रेक्षकांना तेवढ्यात स्पीकरमधून 'धप्प' ऐकू येते. मंचाचा चार्जर मंचाचाच ठेवावा, पाहुण्यांच्या फोनांसाठी दुसरा.

आता पाच व्होल्टांपलीकडचे. यूएसबीवरून नऊ व्होल्ट काढून देणाऱ्या केबल मिळतात. नऊ व्होल्ट, ५०० मिलिअँपिअर म्हणजे साडेचार वॅट. रूपांतरातली घट धरून पाच व्होल्टच्या बाजूला सुमारे एक अँपिअर लागतो, तो साध्या पोर्टाचा नव्हे. शिवाय पिनेच्या मध्यभागी धन की ऋण हे वाद्यावरील चित्रात पाहावे. बहुतेक गिटार पेडलना मध्यभागी ऋण लागते, बऱ्याच कीबोर्डांना धन. उलटे जोडल्यास वाद्य कायमचे मुके होऊ शकते.

हॉलमधली ती 'हं...' अशी गुणगुण ५० हर्ट्झची असते. लॅपटॉपच्या चार्जरची अर्थिंग आणि मिक्सरची अर्थिंग ऑडिओ केबलमार्गे वळसा घालून एकमेकांना भेटतात, त्याचा हा प्रताप. सर्व उपकरणे एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्यावीत. ते न जमल्यास लॅपटॉप बॅटरीवर चालवावा, किंवा मधे ट्रान्स्फॉर्मर असलेला डीआय बॉक्स घालावा. अर्थिंग तोडणे हा उपाय नव्हे, कुणी कितीही जाणकार तो सुचवो. गायकाच्या ओठांपाशी धातूचा माईक असतो, हे विसरू नये.

भारतातून आणलेल्या जुन्या तानपुऱ्यांविषयी राहिलेच. तिकडची वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ आणि इथलीही तीच, म्हणून ट्रान्स्फॉर्मर लागत नाही (अमेरिकेतल्या नातेवाइकांना तो लागतो). अडचण फक्त प्लगची. इथल्या सॉकेटच्या भोकांवर झडपा असतात आणि अर्थची लांब पिन आत गेली की त्या उघडतात. पेनाने झडप ढकलून गोल पिनांचा प्लग कोंबताना मी चांगल्या शिकलेल्या लोकांना पाहिले आहे! घरात लहान मुले असताना ती झडप म्हणजे त्यांचे कवच. शिवाय तसा कोंबलेला प्लग सैल बसतो, तापतो आणि फ्यूज तर त्यात नसतोच. तानपुऱ्याच्या वायरीला इथला चौकोनी पिनांचा प्लग जाणत्याकडून बसवून घ्यावा आणि त्यात तीन अँपिअरचा फ्यूज घालावा. नव्या प्लगमध्ये बहुधा १३ चा असतो, तो जवळजवळ तीन हजार वॅटच्या किटलीसाठी. तीनचा फ्यूज कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो.