इंग्लंडच्या कायद्यातली चोरी

इंग्लंड आणि वेल्समध्ये चोरीची व्याख्या १९६८ च्या थेफ्ट ॲक्टच्या पहिल्याच कलमात आहे. दुसऱ्याची मालमत्ता, ती त्याला कधीच परत मिळू नये अशा हेतूने, अप्रामाणिकपणे आपलीशी करणे म्हणजे चोरी. यातला एक घटक जरी सिद्ध झाला नाही, तरी आरोप कोसळतो. म्हणूनच कोणाची गाडी फिरवून आणण्यापुरती पळवली, तर ती सहसा चोरी ठरत नाही. त्यासाठी बाराव्या कलमात वेगळा गुन्हा आहे. लिव्हरपूल विद्यापीठाच्या एका विद्यार्थ्याने परीक्षेआधीच प्रश्नपत्रिका मिळवून वाचली, पण कागद परत ठेवण्याचाच त्याचा इरादा होता. माहिती ही मालमत्ता नव्हे, असे न्यायालयाने ठरवले आणि तो सुटला.

खरा कस लागतो तो अप्रामाणिकपणाच्या मुद्द्यावर. आपले वागणे लोकांना गैर वाटेल हे आरोपीला कळत होते का, हेही १९८२ पासून पाहिले जाई. ज्याची नीतीच सैल, त्याला त्यातून पळवाट मिळे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही कसोटी नाकारली, ते योग्यच झाले. आता आरोपीला वस्तुस्थिती काय वाटत होती ते आधी पाहतात. मग सामान्य सभ्य माणसाच्या मापाने ते वागणे जोखतात.

चोरीसाठी बळ वापरले किंवा त्याची भीती घातली, तर ती लूट. तिला जन्मठेपही होऊ शकते. चोरीच्या हेतूने परक्या घरात शिरणे हीच घरफोडी, मग हाती काही लागो वा न लागो. साध्या चोरीला कमाल शिक्षा सात वर्षे, राहत्या घरातल्या घरफोडीला चौदा.