वसंतातला खोकला आणि पंपाची भीती

सेंदाईत मार्च उजाडला की मास्क बाहेर निघतात. कारण सुगीचे, म्हणजे जपानी देवदाराचे, पराग. झुईहोदेनच्या वाटेवरची जुनी सुगी आपण कौतुकाने बघतो. खरा ताप मात्र युद्धानंतर लाकडासाठी डोंगरोडोंगरी केलेल्या लागवडीचा. २०१९ च्या देशव्यापी पाहणीत जवळपास ३९ टक्के लोकांना ही ॲलर्जी आढळली!

माझं नुसतं नाक वाहायचं तोवर ठीक होतं. दुसऱ्या वर्षी रात्रीचा खोकला लागला. डॉक्टरांनी स्टेरॉईडचा पंप दिला. पुण्याहून आईचा फोन, "हळद-दूध घे, पंपाची सवय लावून घेऊ नकोस." चार दिवसांत बरं वाटलं, मी पंप बंद केला. आठवड्यात खोकला परत.

आडवं झालं की नाकातला स्राव घशात उतरतो आणि खोकला येतो. त्यावर नाकात मारायचा स्प्रे असतो. पण काहींच्या श्वासनलिकाही सुजतात. छातीत घरघर नाही, धाप नाही, नुसता खोकला, तोही दमाच. तिथे नाकाचा स्प्रे पुरत नाही, औषध श्वासाबरोबर आत ओढावं लागतं. आपलं कुठलं, ते डॉक्टरच ठरवणार.

हा पंप तिथल्या तिथे आराम देणारा नव्हे. सूज हळूहळू उतरते, म्हणून बरं वाटलं तरी डॉक्टर सांगतील तोवर रोज घ्यायचा. मात्रा मायक्रोग्रॅममध्ये, गोळीपेक्षा कितीतरी कमी, आणि व्यसन लागत नाही. नंतर चूळ मात्र भरायचीच, नाहीतर तोंडात बुरशी धरते, आवाज बसतो.

आईला हे पटवायला तीन फोन लागले. हळद-दूध अजून चालू आहे.