प्राडाचे नाव आणि कोल्हापूरची वहाण

मिलान शहरात १९१३ साली मारिओ प्राडा व त्यांचे बंधू यांनी चामड्याच्या वस्तूंचे जे दुकान थाटले, त्याची गणना आज जगातील मोजक्या श्रीमंत पोशाखगृहांत होते. १९१९ साली इटलीच्या राजघराण्याचे पुरवठादार अशी सनद या दुकानास मिळाली आणि सॅव्हॉय घराण्याचे चिन्ह त्याच्या मुद्रेत जाऊन बसले. इटलीतील राजेशाही १९४६ साली संपली. मुद्रेतील राजचिन्ह मात्र अद्याप कायम आहे.

तथापि प्राडाची आजची प्रतिष्ठा राजकृपेची नव्हे. संस्थापकांची नात मिउच्चा प्राडा या राज्यशास्त्रातील डॉक्टरेट मिळविलेल्या आणि तरुणपणी चक्क कम्युनिस्ट पक्षाच्या सभासद राहिलेल्या विदुषी. त्यांनी १९७८ साली पेढीची सूत्रे हाती घेतली आणि १९८४ साली काळ्या नायलॉनची एक पाठपिशवी बाजारात आणली. नायलॉन हे काही धनिकांचे मिरवण्याचे कापड नव्हे. पण त्या पिशवीवर प्राडाची त्रिकोणी पट्टी होती, आणि कापडापेक्षा पट्टीलाच मोल आले.

त्या पट्टीवरील नाव सामान्य माणसाच्या तोंडी बसवले ते मात्र सिनेमाने. लॉरेन वाइसबर्गर यांच्या २००३ सालच्या कादंबरीवरून २००६ साली ‘द डेव्हिल वेअर्स प्राडा’ हा चित्रपट निघाला. कथा न्यूयॉर्कच्या एका फॅशन नियतकालिकातील जुलमी संपादिकेची. प्राडाचा तिच्याशी संबंध जवळजवळ शीर्षकापुरताच. शीर्षकात सैतानाचा उल्लेख असूनही या नावाची काडीइतकी हानी झाली नाही, उलट ज्यांनी प्राडाचे दुकान जन्मात पाहिले नव्हते त्यांनाही ते पाठ झाले. उपहासाची गत अशीच होते. टेक्सासच्या वैराण माळावर २००५ साली एल्मग्रीन आणि ड्रॅगसेट या कलावंतांनी प्राडाचे एक खोटे दुकान उभारले. त्याचे दार कधीच उघडत नाही. आतील माल काही दिवसांतच चोरीला गेला, आणि तेथे मांडलेले जोडे तर केवळ उजव्या पायाचे! चैनीच्या बाजारावरील ही टीका आज प्रवाशांचे छायाचित्र काढण्याचे ठिकाण होऊन बसली आहे.

त्या चित्रपटातील एक प्रसंग येथे मुद्दाम आठवावासा वाटतो. फॅशनला तुच्छ लेखणाऱ्या नव्या मदतनीस मुलीला मेरिल स्ट्रीपने रंगवलेली संपादिका तिच्या अंगातील निळ्या स्वेटरची वंशावळ ऐकवते. हा रंग प्रथम कोणत्या नामवंताने वापरला, तो मोठ्या दुकानांत कसा उतरला आणि अखेर सवलतीच्या ढिगाऱ्यात कसा येऊन पडला, हे ती पायरीपायरीने सांगते. तर्क बिनतोड वाटतो. पण त्यामागे एक गृहीत आहे: अभिरुची डोंगरावरून खाली वाहते आणि खालच्यांनी ती नकळत झेलायची असते.

२२ जून २०२५ रोजी मिलानमध्ये प्राडाने पुरुषांच्या उन्हाळी पोशाखांचे प्रदर्शन मांडले, तेव्हा हे गृहीत उलटे झाले. तेथील तरुणांच्या पायांत जी वहाण होती ती डोंगराच्या पायथ्याकडून वर गेलेली होती. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेले चामडे, खिळ्याविना चामड्याच्याच वादीने घातलेले टाके आणि तो परिचित अंगठा असलेली पिढ्यान्‌पिढ्यांची कोल्हापुरी चप्पल हेच तिचे मूळ. प्राडाने तिचे वर्णन मात्र चामड्याची सँडल एवढेच केले. वरून उतरणाऱ्या निळ्या रंगाचे गोत्र सांगता येते. खालून चढणाऱ्या वहाणेचे नाव दारातच काढून ठेवले जाते. ओरड झाल्यावर मिउच्चाबाईंचे चिरंजीव लोरेन्झो बेर्तेल्ली यांनी महाराष्ट्र चेंबरला पत्र लिहून भारतीय परंपरेची प्रेरणा मान्य केली.

कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले असताना हे घडलेच कसे, असे अनेकांनी विचारले. उत्तर काहीसे कटू आहे. हा कायदा प्रामुख्याने नावाचे रक्षण करतो, आकाराचे नव्हे. शिवाय आपल्या मानांकनाचा अंमल इटलीत चालत नाही. ‘कोल्हापुरी’ म्हणून खोटी चप्पल विकणे हा गुन्हा. पण कोल्हापुरीच्या रूपाची चप्पल नाव न घेता विकणाऱ्यास या कायद्याने पकडणे कठीण. मुंबई उच्च न्यायालयानेही या प्रकरणातील जनहित याचिका जुलै २०२५ मध्ये फेटाळली. मानांकनाचे धारक नसलेल्यांना ती करण्याचा अधिकार काय, हा त्यातील मुख्य प्रश्न होता.

आपल्या संतापातही थोडी विसंगती होती, हे नमूद केले पाहिजे. मानांकनाचे जिल्हे आठ आहेत. चार महाराष्ट्रातील, चार कर्नाटकातील. अथणी-निपाणीच्या कारागिरांचा वाटा आपल्या निषेधपत्रकांतून बहुधा गळला. आणि शंभर रुपयांसाठी घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाने या चर्मकाराचे नाव तरी कधी विचारले आहे?

डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र व कर्नाटक या दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी प्राडाने करार केला. स्थानिक कारागिरांच्या हातून २००० जोड करवून घ्यायचे आणि जोडास सुमारे ८०० युरो, म्हणजे ऐंशी हजारांहून अधिक रुपये किंमत ठेवायची, असे त्या वेळी जाहीर झाले. कारागिरांच्या प्रशिक्षणाचीही तरतूद आहे. हे स्वागतार्हच. मात्र या मालिकेचे जे नामकरण झाले त्यात ‘कोल्हापुरी चपलांपासून प्रेरित’ असे शब्द आहेत. कोल्हापूरच्या परिसरात, तेथील कारागिराने, तेथील पद्धतीने शिवलेली चप्पल कोल्हापुरीच असते. तिला स्वतःपासून प्रेरणा घेण्याचे कारण काय?

आपल्या चर्मोद्योग महामंडळाने २०२५ सालीच चपलांवर क्यूआर संकेत देण्याची योजना पुढे आणली आहे. तो वाचला असता जोड कोणी आणि कोठे केला हे गिऱ्हाइकास कळते. कराराचा पुढचा मसुदा लिहिताना, प्राडाच्या त्रिकोणी पट्टीशेजारी हा संकेतही असलाच पाहिजे, अशी अट दोन्ही महामंडळांनी घालावी. प्राडाने ती नाकारली, तर त्या नकाराची कारणेही लेखी मागून घ्यावीत.