खाटेजवळची तपासणी – भाग 6 : सलाईन लावायचं की थांबवायचं?

मागच्या भागात बीपीचा आकडा कसा फसवतो ते पाहिलं. आज त्याच्या पुढचा पेच.

समजा, जाफराबाद तालुक्यातल्या एखाद्या शिवारात सोयाबीनची सुडी उचलताना लाल विंचू चावला. थोड्याच वेळात उलट्या, दरदरून घाम, हातपाय गार, नाडी पळतेय. सोबतच्या माणसांचं एकच म्हणणं असतं, "डॉक्टर, आधी सलाईन लावा." हे अगदीच चूक नाही. उलट्या-घामानं अंगातलं पाणी गेलं असेल, तर सलाईन हवंच.

पण याच विषानं अंगात अ‍ॅड्रेनलिनचा लोट येतो. रक्तवाहिन्या आवळतात, हृदय दमतं आणि रक्त मागं फुफ्फुसात तुंबतं. अशा माणसाचेही हातपाय गारच लागतात. त्याला बाटलीमागून बाटली चढवली तर फुफ्फुसात पाणी भरतं, तोंडाला गुलाबी फेस येतो. गार हात एकच, कारणं दोन, उपचार मात्र उलटे.

हा गुंता सोडवण्यात मोठा वाटा शेजारच्या भोकरदन तालुक्यातल्या देहेडच्या माणसाचा आहे. डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी महाड भागात विंचूदंशाच्या रुग्णांची बारकाईनं निरीक्षणं केली. हृदयावरच्या धोक्याची आधी दिसणारी लक्षणं त्यांनी 1982 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडली. पुढे आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारी प्राझोसिन ही बीपीची गोळी वापरात आणली. तीस-चाळीस टक्क्यांच्या घरातले मृत्यू एका टक्क्याच्या आसपास आले. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. या कामाची सुरुवात यंत्रानं नव्हे, हातानं आणि नजरेनं झाली होती.

सोनोग्राफीचा प्रोब त्या हाताला डोळा देतो. रुग्णाला खाटेवरून हलवायचं नाही. जेल लावून तीन ठिकाणी पाहायचं.

पहिलं हृदय. डावा कप्पा दर ठोक्याला नीट आवळतोय की नुसता थरथरतोय, हे सरावलेल्या डोळ्याला लगेच कळतं. दुसरी, पोटातून हृदयाकडे रक्त नेणारी मोठी शीर. ती बारीक असेल आणि श्वास घेताना मिटत असेल, तर रक्ताची तूट असू शकते. दोन सेंटिमीटरहून फुगलेली आणि श्वासासरशी जेमतेम हलणारी असेल, तर मागं दाब तुंबलाय. तिसरं फुफ्फुस. कोरड्या फुफ्फुसावर आडव्या रेघा दिसतात, ओल्यावर श्वासासोबत हलणारे उभे पांढरे पट्टे.

एकट्या शिरेवर भिस्त ठेवू नये. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णात तर ती हमखास चकवते. तिन्ही खुणा जुळवायच्या. तरी शंका उरलीच, तर पाय वर उचलून पाहायचे. पायांतलं सुमारे 300 मिली रक्त हृदयाकडे येतं, जणू परत घेता येणारं सलाईन. त्यानं हृदयातून बाहेर पडणारा प्रवाह दहा-पंधरा टक्क्यांनी वाढला, तर सलाईनचा उपयोग होण्याची शक्यता मोठी. नाही वाढला, तर हात आखडता घ्यायचा.

मग हे यंत्र डॉक्टरांनी पिशवीत घालून गावोगाव का नेऊ नये? गर्भलिंगनिदानाविरुद्धचा 1994 चा कायदा आडवा येतो. 2012 च्या नियमबदलानंतर पोर्टेबल यंत्र नोंदणीच्या जागेतच, तिथं दाखल रुग्णांसाठी वापरता येतं; फिरत्या वैद्यकीय पथकांना अटींवर सूट आहे. या बंधनामागचं दुखणं मराठवाड्याला वेगळं सांगायला नको. म्हणून तालुक्याच्या दवाखान्यात नोंदणी झालेलं यंत्र असणं आणि रात्री दोन वाजता ते वापरणारा शिकलेला हात असणं, दोन्ही तितकंच मोलाचं.

नातेवाइकांनी "किती सलाईन लावल्या?" एवढंच विचारून थांबू नये. "लावल्यावर श्वास कसा आहे, लघवी किती झाली?" हेही विचारावं. सलाईन लागू पडलं की नाही, ते तिथं दिसतं.

(पुढील भागात : नखावर दाबून मोजायचे तीन सेकंद)