सर्किट बोर्डावरील धूळ

धूळ कोरडी असेतोवर विजेची फारशी वाहक नसते, आणि म्हणूनच संगणकाच्या सर्किट बोर्डावर वर्षानुवर्षे साचलेल्या तिच्या थराकडे गृहस्थाचे दुर्लक्ष होते. परंतु पाऊस लागून हवा दमट झाली, की त्या थरातील क्षार, ज्यांत कोकणपट्टीवर समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने भरच घातलेली असते, आर्द्रता शोषून घेतात आणि ज्या दोन तांब्याच्या रेषांत काहीही संबंध नसावा त्यांच्यामध्ये प्रवाह झिरपू लागतो, यथावकाश तांबेही हिरवे पडते. ही सफाई पावसाळ्यापूर्वीच उरकावी, हे उत्तम.

यंत्राची वायर प्लगमधून काढल्याने सारे निर्वेध झाले, असा समज मात्र घातक आहे. घरातील २३० व्होल्टची वीज पॉवर सप्लायमध्ये सुमारे ३२५ व्होल्टच्या एकदिश दाबात रूपांतरित होते, व तो दाब कपॅसिटरमध्ये काही काळ टिकून राहू शकतो. म्हणून पॉवर सप्लायची लोखंडी पेटी उघडण्यास नवशिक्याला मज्जावच असावा.

याहून सूक्ष्म वैरी म्हणजे आपल्याच देहावर साचणारी स्थितिक वीज. सुमारे ३,००० व्होल्टपर्यंत तिची ठिणगी माणसास जाणवतही नाही, आणि काही नाजूक आयसी तर १०० व्होल्टच्या आतच निकामी होतात. तस्मात् दहा लाख ओहमचा रोधक बसविलेला मनगटी पट्टा संगणकाच्या धातूच्या सांगाड्यास जोडून, मऊ केसांच्या ब्रशाने व ब्लोअरच्या कोरड्या हवेने, पंख्याचे पाते बोटाने रोखून धरीत, धूळ हलकेच बाहेर काढावी. प्लॅस्टिकच्या तोंडाचा घरगुती व्हॅक्यूम क्लीनर स्वतःच स्थितिक वीज निर्माण करतो, आणि तोंडाने मारलेल्या फुंकरीबरोबर लाळेचे खारट तुषार बोर्डावर जातात. हे दोन्ही सर्वथा वर्ज्य.

चिकट मळ उरलाच तर ९९ टक्के शुद्धतेचे आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरावे, कारण ७० टक्क्यांच्या बाटलीत उरलेला बहुतांश भाग पाण्याचाच असतो. विरघळलेला मळ तंतू न सोडणाऱ्या फडक्याने लगेच टिपावा, अन्यथा द्रव उडून जातो आणि मळ तेथेच पसरतो. या द्रवाची वाफ १२ अंश सेल्सिअसच्या सुमारासही पेट घेऊ शकते, म्हणजे आपल्याकडे बारमाही. खिडक्या उघड्या ठेवाव्यात, देवघरातील समईसुद्धा दूर असावी.

बोर्ड रात्रभर वाळू द्यावा. जुन्या जोडकामातील सोल्डरात शिसे असते, तेव्हा जेवणापूर्वी हात साबणाने धुण्यात कसूर होऊ नये.